नानांना कुठे ठेवायचं

५ मे १९९२, धुळे
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. जळगावहून एसटीत उभ्यानं माहेरी. दारात धाकटा भाऊ विलास आणि त्याची बायको नीता, दोघांचे चेहरे सुतकी. सकाळीच दीपनगरहून आलेत. विलासनं बाजूला घेऊन सांगितलं, नाना हाताबाहेर गेले. नीतानं डोळ्यांनी पाहिलं: चुलीपुढे बसून आईशी बोलत होते, "जेवी ले वं" म्हणून. आई जाऊन वर्षं झाली. शिवाय मागे न्हाणीत पडले. नाशिकच्या वृद्धाश्रमात खोली ठरलीय. रविवारी जीप.

अरे, आगारी टाकत होते! आखाजीला पुरणपोळीचा घास विस्तवावर ठेवून गेलेल्यांना जेवायला बोलवायचंच असतं. नीता मुंबईची, तिला माफ. पण हा? लहानपणी याच चुलीपुढे आजोबांना हाका मारायचा. तेव्हाच टाकायला हवा होता आश्रमात.

६ मे
विलासचं गणित: वय झालं, एकदा पडले, एकटे राहतात, म्हणजे आश्रम. वीजकेंद्रात इंजिनियर, जुना संच मोडीत काढायची सवय. विचारलं, गेल्या पावसाळ्यात तू स्कूटरवरून पडलास, तुला कुठे ठेवायचं? अबोला. जेवला मात्र. संध्याकाळी दोघं परत.

७ मे
नानांना डॉक्टरकडे नेलं. गुडघे, मोतीबिंदू. डोकं शाबूत. "घरी कोण असतं?" तर नाना म्हणाले, "मी एकलाच. पन बठ्ठी गल्ली माले वळखस." सगळी गल्ली ओळखते त्यांना, हे खरंच. डॉक्टर म्हणाले, वय मोजू नका, काय जमत नाही ते बघा. आंघोळीला माणूस, न्हाणीत धरायला दांडा, डोळ्याचं ऑपरेशन. रात्रंदिवस कुणी लागेल आणि घरच्यांना झेपणार नाही, असा दिवस येऊ शकतो. आज तो नाही.

८ मे
मी थोर मनानं जाहीर केलं, जळगावात पिंप्राळ्याला माझ्याकडे चला. नाना: "तुन्हं घर बी आश्रमच शे माले. भाजी तेवढी बरी."
दुपारभर मी फुगून बसले. मीही त्यांना न विचारताच ठरवलं होतं म्हणा.

९ मे
दांडा बसला. नानांनी त्यावर टॉवेल वाळत घातला, धरत नाहीत. मी भांडले. पलीकडच्या आळीतले सखारामभाऊ, पूर्वी दवाखान्यात वॉर्डबॉय, रोज सकाळी यायला कबूल. नाना लाजले, पण नाही म्हणाले नाहीत.

१० मे, रविवार
जीप आली. विलास रिकामी बॅग घेऊन आत.
नाना खाटेवरूनच: "बस. च्या पे. माले आंग धोवाले माणूस लागस, राहाले नही."
मी टाळी देणार होते. तेवढ्यात विलास हळूच म्हणाला, "आणि रात्री पडलात, मला सकाळी कळलं तर?"
डोळे भरलेले होते त्याचे. टाळीचा हात मी पदराखाली घेतला.
नाना: "तं पडसू. मन्हा घरमा पडसू."

विलास उभाच. चहाला हात नाही. ड्रायव्हर बाहेरून विचारतोय, सामान किती. मी हे उंबऱ्यावर बसून लिहितेय. माझा एकंदर घेर पाहता मला ओलांडून बॅग नेणं सोपं नाही.