सकाळी सव्वासहाची गिऱ्हाइकं

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. पत्रात वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणावं असं शाळेत शिकवलं होतं, पण तुला 'तुम्ही' म्हटलं की मी बँकेतल्या बाईंशी बोलतेय असं वाटायला लागतं, म्हणून 'तू'च लिहिते. मान पूर्ण धरलेला आहे, तो ओळींच्या मधे वाचून घे. ऑपरेशनचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना? गडद चष्मा डॉक्टरांनी डोळ्यावर लावायला दिलाय, कपाळावर नाही, असं आईने खास लिहायला सांगितलंय. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे एका डोळ्यानेही वाचता येईल. फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस (रागावू नकोस, सगळेच म्हणतात), आणि मला सांगायचं आहे ते निदान चाळीस वाक्यांचं आहे.

दुकानाचं तुला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं असं, की तयार कपड्यांच्या कारखान्याचे मालक गेल्या महिन्यात स्वतः दुकानात आले, बाबांच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, आमच्याकडे दीडशे शिलाई मशिनं आहेत, त्यांच्या दुरुस्तीचं खातं तुम्ही सांभाळा. खुर्ची देऊ, हाताखाली दोन माणसं देऊ. माणूस चांगला आहे, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तिकडे जायचं तर दुकान बंद करायचं.  बाबा नुसते पुसत राहिले. (पुसायला हातात काय होतं माहीत आहे? पुसायचं फडकं. एका फडक्याने दुसरं फडकं पुसत होते.) उत्तर या महिनाअखेर द्यायचं ठरलं. मी म्हटलं, बाबा, हा एक महिना मला द्या. दुकानात गिऱ्हाईक येत नाही, कारण दुकान कुणाला दिसत नाही. हल्ली लोक रस्त्यावरच्या पाट्या वाचत नाहीत, मशीन अडलं की फोनवर शोधतात. आपण तिथे पाटी लावू. बाबा म्हणाले, "घरात एवढी शिकलेली तूच. महिना तुझा." 

ही पाटी कशी असते ते थोडक्यात सांगते. (थोडक्यात म्हणजे आईला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात. तिला सांगताना दूध उतू गेलं.) आपण काही शब्द निवडून द्यायचे. ते शब्द टाकून कुणी शोधलं की सगळ्यात वर आपली जाहिरात दिसते. नुसती पाहिली तर फुकट, पण तिच्यावर बोट टेकवलं की प्रत्येक वेळी आपल्याला पैसे पडतात. म्हणून दिवसाची एक मर्यादा घालून ठेवायची. आमची साधारण पंधरा बोटांची आहे. पंधरा झाली की जाहिरात त्या दिवसापुरती दिसेनाशी होते.

जाहिरातीचा मजकूर मी खोटा लिहायचा नाही असं ठरवलं होतं. सगळे लिहितात 'शहरात क्रमांक एक'. हा क्रमांक कोण देतं? मी कुठे विचारायला जाऊ? बाबांना विचारलं, आपण सगळी मशिनं दुरुस्त करतो असं लिहू का, तर त्यांनी बराच विचार केला आणि गेल्या वर्षीच्या एका काळ्या मशीनची आठवण काढली, जे त्यांच्या हातून झालं नव्हतं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: 'शिलाई मशीन दुरुस्ती. बहुतेक होते. नाही झाली तर तसं सांगू.' माझी मैत्रीण जाहिरातीच्या कचेरीत काम करते. तिने हे वाचलं आणि फोन करून विचारलं, चांगलं लिहिलंय, पण जाहिरात कुठे आहे?

पहिली चूक माझीच. जास्त लोकांना दिसावं म्हणून मी शब्द दिले 'मशीन दुरुस्ती'. पहिल्या दिवशी सात फोन आले. चार कपडे धुण्याच्या मशीनचे, एक केस कापायच्या मशीनचा, एका गृहस्थांना शिलाई मशीन हवं होतं पण फुकट, आणि सातवा फोन धावायच्या मशीनचा, म्हणजे ते घरातल्या घरात पळायचं असतं ना, ते. तुला तुझा भाऊ माहीत आहे. नाही म्हणायचं त्यांच्या जिभेला वळणच नाही. पिशवी उचलली आणि म्हणाले, शेवटी पट्टाच आहे ना, बघतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात त्यांनी दोन तास बसून पट्टा बसवला, तेल घातलं आणि समाधानाने बटण दाबलं. पट्टा छान फिरला. उलटा फिरला. ते गृहस्थ मुळातच वजनदार, पट्ट्यावर उभे होते, ते पुढच्या दांडीवर आपटून थेट मागच्या सोफ्यावर जाऊन बसले. बाबांनी पैसे घेतले नाहीत. वर त्या गृहस्थांच्या बायकोच्या शिलाई मशीनचे दाते साफ करून आले, तेही फुकट. घरी येऊन म्हणाले, तुझ्या पाटीने गिऱ्हाईक येतं बरं का. मी त्या संध्याकाळी वगळायच्या शब्दांची यादी करायला बसले. धुण्याचं, पळण्याचं, केसांचं, फुकट. सत्तावीस शब्द झाले.

त्यानंतर फोन बंद झाले. म्हणजे अगदीच बंद. मी तक्ता उघडून बघितला (किती वाजता किती बोटं टेकली याचा रोज एक तक्ता येतो), तर पंधराच्या पंधरा बोटं सकाळी सातच्या आत संपलेली. मी हरखले. म्हटलं, शिंपी, शिवणकाम करणाऱ्या बाया, सगळी कष्टाची माणसं, पहाटे उठून कामाला बसतात, मशीन अडतं आणि ती आपल्याला शोधतात. मी बाबांना तसं समजावूनही सांगितलं, आलेख काढून. तेव्हापासून बाबा साडेसहाला दुकान उघडतात. शटर वर करून, दिवा लावून, स्वच्छ शर्ट घालून बसतात. समोरचा पाववाला पहिल्या दिवशी घाबरून विचारायला आला, घरी सगळं ठीक ना? आठ दिवस बाबा असे बसले. एक मांजर येऊन गेलं.

नवव्या दिवशी पहाटे चहा घेताना मी सहज पाहिलं, तर बाबांनी फोन काढला, दुकानाचं नाव शोधलं, जाहिरातीवर बोट टेकवलं आणि फोन खिशात ठेवला. मी म्हटलं, बाबा, हे काय? ते म्हणाले, रोजची पहिली बोहनी आपल्याच हाताने केलेली बरी. आई ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, मी दोनदा करते. एकदा आपली, आणि एकदा त्या बिचाऱ्या जाहिरातीला कुणी बघत नाही म्हणून. आत्या, मला रागवायचं होतं. पण दोघांचे चेहरे असे होते, जणू माझ्या डब्यात चोरून लाडू घालताना मी त्यांना पकडलंय. मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. दोघांनी कबूल केलं. मी हिशेब केला, तीन बोटं वाचली. बाकी बारा तशीच सकाळी सव्वासहाच्या सुमाराला येत राहिली. ती कुणाची ते कळेना, आणि उरलेली तीन बोटंही बाजारातली दुकानं उघडायच्या आत संपायची.

मग मागच्या मंगळवारी आणि बुधवारी काय झालं कुणास ठाऊक, ती बारा बोटं आलीच नाहीत. जाहिरात संध्याकाळपर्यंत टिकली. आणि आत्या, माणसं आली. खरीखुरी, पायऱ्या चढून. दोन दिवसांत तीन. त्यांतल्या एक पडदे शिवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी चादरीत गुंडाळून त्यांच्या आईचं मशीन आणलं होतं. बारा वर्षं माळ्यावर पडलेलं, शटल गंजून घट्ट बसलेलं. त्या म्हणाल्या, "तीन दुकानांत सांगितलं, भंगारात घाला. तुमच्या पाटीवर 'नाही झाली तर तसं सांगू' लिहिलंय, म्हणून आले. तुम्ही सांगा, मग घालते." बाबा चार तास खाली मान घालून बसले होते. मशीन चाललं तेव्हा त्या बाईंनी स्वतः चाक फिरवलं, कापडाच्या तुकड्यावर एक सरळ टीप मारली आणि तो तुकडा घडी करून पर्समध्ये ठेवला. बाबांकडे बघता येईना म्हणून मी उगीच बॉबिनी मोजत बसले. त्यांचा शिवणाचा वर्ग आहे, चौदा मशिनं. ती सगळी दर महिन्याला आपण बघायची असं त्या ठरवून गेल्या. असे आणखी दोघे-तिघे मिळाले, तर बाबा मालकांना खुशाल नाही म्हणू शकतील. (म्हणजे मी म्हणेन, ते शेजारी उभे राहतील.)

पण गुरुवारपासून सव्वासहाची गिऱ्हाइकं परत हजर. पुन्हा नऊच्या आत सगळं आटपलेलं. महिना संपायला दहा दिवस आहेत. असो. तू काळजी करू नकोस, डोळ्याला ताण देऊ नकोस, आणि शेजारणींना माझा नमस्कार सांग.

तुझी,
पदवीवाली भाची

ता. क. शेजारणींवरून आठवलं. त्या तक्त्यात कुठल्या गावातून बोट टेकलं तेही दिसतं. ते मला परवा कळलं (चार वर्षं कॉलेज केलं, पण रकाना उजवीकडे सरकवता येतो हे कुणी शिकवलं नाही). दुसऱ्या गावात बसून आपल्या शहराचं नाव टाकून शोधलं तरी जाहिरात दिसते. ती बाराची बारा बोटं तुझ्या गावची आहेत. (जाहिरातीचं तुला आईने फोनवर सांगितलं असणार.) तुमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या बायका अकरा, आणि तू बारावी. मंगळवारी तुझा डोळा बांधलेला होता, बुधवारीही, आणि तू नसलीस की त्या घराबाहेर पडत नाहीत. तू त्यांना बागेच्या फाटकाशी उभं करून 'चला, माझ्या भावाचं दुकान दाबा' म्हणत असशील, हे मला इथून दिसतंय. आत्या, तुझं प्रेम मला कळतं. पण ते दाबणं थांबव. पाया पडते. हे एवढंच सांगायला सगळं पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी बाबांनी पत्र मागून घेतलं आणि वाचलं. वरचा ता. क. काढून टाक म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? ठाऊक होतं. ते रोज माझ्या आधी तक्ता उघडतात आणि तुझ्या गावचा रकाना बघतात. मी म्हटलं, बाबा, दुकान जाईल.  ते म्हणाले, "ती तिकडे एकटी राहते. फोन करून उठलीस का विचारलं, तर म्हणते, का, मी काय मेले की काय. तिकडून बोट आलं की मला कळतं, ताई उठली, चालतेय. ते दोन दिवस आलं नाही, तर मला सुई ओवता आली नाही." (ऑपरेशन नीट झाल्याचं डॉक्टरांनी स्वतः फोनवर सांगितलं होतं. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास गुरुवारी सव्वासहाला बसला.) आणि कारखान्याच्या फाटकात फोन काढून पेटीत ठेवावे लागतात. तिथे जायचं नाव काढलं की ते फडकं का पुसतात, ते मला आज कळलं.

तेव्हा माझी विनंती बदलते. दाबू नकोस, पण रोज सव्वासहाला दुकानात फोन कर. साडेसहाचं दुकान आता सव्वासहाला उघडेल. काही बोलायला नसेल तर त्यांना ओरड, ते चालेल. ते तुला उठलीस का असं विचारणार नाहीत, मी तसं कबूल करून घेतलंय.

ता. क. तिसरा, आणि हा बायकांनाही वाचून दाखव. फोन तुझ्या वहीतला नंबर बघून लाव. जाहिरातीतसुद्धा दुकानाचा नंबर दिसतो. त्याच्यावर बोट टेकवून लावू नकोस. त्याचेही पैसे पडतात.