तोंडी परीक्षेत चालीवर उत्तर देऊ देण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग.

विषय : पालक वाचन गटात येणाऱ्या एका विद्यार्थिनीस तोंडी परीक्षेत चालीवर उत्तरे देण्याची मुभा मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवर आलेली आपली पत्रे.

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी. हाक कागदावरूनच मारतो आहे, पण आपल्याला जवळ बसवून एक हकिकत सांगायची आहे. लांबवणार नाही.

१. मी शिंपी. आम्ही काही पालक दुपारी शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत मागे पडलेल्या मुलांना वाचायला बसवतो. त्यांत इस्त्रीवाल्याची धाकटी आहे. पोर हुशार, पण पहिले अक्षरच जिभेवर अडते. वर्ग हसतो, आणि ती पुढचे अख्खे वाक्य गिळून टाकते.

२. मला कीर्तनाचे वेड. एकदा पावसाचा धडा वाचून दाखवताना सवयीने चाल लागली, आणि पोरगी मागोमाग म्हणू लागली. वाफ, ढग, नदी, सगळे कुठेही न अडखळता! आमच्या गटातल्या नर्सबाई म्हणाल्या, "शिंपीदादा, आता थांबू नका, टीप चालू ठेवा." देवाची कृपा, दुसरे काय म्हणू?

३. पहिल्या अर्जात मी 'चालीवर वाचन' असे लिहिले. आपल्या कार्यालयाने तो संगीतवर्ग समजून कला विभागाकडे धाडला. वाद्ये कोणती व कोणाच्या ताब्यात, असे त्यांनी विचारले. वाद्य नाही, गळा आहे, असे कळवले. त्यावर 'सदर गळा' शाळेच्या मालकीचा आहे काय, अशी विचारणा आली. दमलो, महोदय. तरी लिहिले, की तो मुलीचाच आहे. खुलासा समाधानकारक नसल्याने परवानगी मिळेपर्यंत खोलीत गाणे बंद ठेवावे, असा आदेश आला.

४. आदेश पाळला. पोरगी पुन्हा गप्प झाली. काल तिची आई दुकानात येऊन म्हणाली, "दादा, आता घरातसुद्धा बोलत नाही हो. नुसती मान हलवते. कशाला लावलीत तिला गोडी?" मी खाली मान घालून शिवलेलीच बाही उसवत बसलो.

५. सोमवारी तोंडी परीक्षा आहे. बोलली नाही तर तिला त्याच वर्गात ठेवावे लागेल, असे गुरुजी सांगतात. सबब, संगीतवर्गाचा म्हणून धरलेला अर्ज मी मागे घेतो. गट बंद करा म्हणालात तरी मान्य आहे. मी गाणार नाही, खोलीतही येणार नाही. मागणे एवढेच, की तिने चालीवर दिलेले उत्तर परीक्षकांनी उत्तर म्हणून ऐकावे.

आणि हेही नियमात बसत नसेल, तर राग नाही. फक्त सोमवारी तिचे नाव पुकारले जाईल, ती उभी राहील आणि तोंड उघडून तशीच थांबेल. त्या वेळी आपण जिथे असाल तिथे तिची आठवण काढावी. उत्तर तिला येत असेल.

आपला नम्र,
पालक वाचन गटातील शिंपी

दिनांक : परीक्षेआधीचा शुक्रवार