दादाचा नारळ

१० फेब्रु. २००२, पुणे
तेल कंपनीतून रिटायर झालो तो दिवाळीपासून घरीच. आज एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले. आमच्या नव्या विद्यापीठाचे कुलपती व्हा म्हणाले. काम काय? "काही नाही साहेब, कारभार कुलगुरू बघतात. तुमचं नाव पाहिजे." डेपो, टँकर, पाइपलाइन कळतं मला. हे कसलं पद? सौ. म्हणाली, "घरात माझ्या डोक्यावर बसण्यापेक्षा घ्या." घेतलं.

३ मार्च, बोरी
थोरल्या भावाला सांगायला गावी. दादा बैलांना वैरण टाकत होता.
"काय शिकवनार?" शिकवायचं नाही. "पेपर तपासायचं?" तेही नाही.
"मंग राव, तुला ठेवलाय कशाला?"
वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो.

९ एप्रिल, बोरी
जत्रा. नोकरीत असताना कधी जमलीच नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात, जिथे गाडे पळतात तिथे, पोचतो न पोचतो तोच स्पीकरवर, "विद्यापीठाचे कुलपती, गावाचे सुपुत्र..." फेटा बांधला, हातात नारळ दिला. फोडला. नोकरीत असे किती फोडलेत, पंपांवर, डेपोत. टाळ्या. मग दादा दिसला. बैलांपाशी, स्वतःचा नारळ हातात धरून. घाटाचा नारळ दरसाल तो फोडतो, हे कमिटीतल्या एकालाही... आणि मलाही आठवू नये?
दादाने गाडा न पळवताच बैल घरी नेले.

१० एप्रिल
दादा बोलत नाही. वहिनी म्हणाली, "भावजी, त्यांला वाटलं तुमी म्हनाल, दादाला फोडू द्या." चूक कमिटीची आणि राग माझ्यावर! तणतणत पुण्याला आलो. चिडलोय नक्की कुणावर, कळत नाही.

२२ जून
पदग्रहण. झगा, पगडी, मधली उंच खुर्ची. ज्या कॉलेजचं आता हे विद्यापीठ झालं, ते ज्यांनी उभं केलं ते म्हातारे प्राचार्य मला गुच्छ देऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेजारचे कुजबुजले, "कुलपती तेच होणार असं सगळे धरून चालले होते." मला कुणी सांगितलं नव्हतं. की मी विचारलं नव्हतं? भाषणात अडखळलो.

२८ जून
पद सोडावं म्हणून अध्यक्षांना फोन केला. "हरकत नाही, दुसरं मोठं नाव बघू." म्हणजे मी सोडलं तरी प्राचार्यांना काही मिळत नाही. मग सोडायचं कुणासाठी? सौ. वैतागली, "एक काय ते ठरवा आणि जेवायला या."

७ जुलै, बोरी
दादा बोलला! जत्रेनंतर पहिल्यांदा. बांधावर.
"सोडतोयस म्हनं?" ठरलं नाही म्हणालो. "माझ्यापायी सोडत असशील तर नको. मला नारळाचं काय न्हाई."
"मग इतके दिवस अबोला कशाचा?"
"फोडायच्या आदी एकदा मागं वळून बघितलं असतंस, तरी लई झालं असतं."
बरंही वाटलं आणि रडूही आलं. प्राचार्यांकडे जाऊन यावं म्हणतो. बोलायचं काय, ते... त्यांचं घर कुठे आहे, हेही मला माहीत नाही.