शेवटच्या बाकाची पाठ

९ जून

जात गेली असेल तर मागता कशाला, आणि गेली नसेल तर धर्म सोडून गेलात कशाला? – या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. लिहून ठेवते. लिहिल्यावर येईल कदाचित.

इतिहासाच्या सरांनी आज स्टाफरूममध्ये विचारलं. पेपरात बातमी होती – धर्म बदललेल्यांनाही जातीच्या राखीव जागा द्यायच्या का, यावर सरकारी समिती ठिकठिकाणी सुनावण्या घेणार. सर चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही लोक म्हणता आमच्यात जात नाही. बरं, नाही. मग..." आणि मग तो प्रश्न. वाईट हेतूनं नसेल विचारला. सगळे हसले. मीही हसले! मी का हसले?

घंटा झाली म्हणून सुटले. तासांवर नेमलेली शिक्षिका मी. घंटा झाली की असते, पुढची झाली की नसते.

१० जून

कालच्या प्रश्नाची एकाहून एक चोख उत्तरं सुचली. सगळी घरी आल्यावर.

१३ जून

शाळेत कायम शिक्षकाची जागा निघाली. गणिताची. माझा विषय, माझेच वर्ग! पण राखीव – आमच्या जातीसाठी. म्हणजे आमच्या आधीच्या जातीसाठी. आधीच्या की अजूनच्या, वाद तोच तर आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून सांगितलं. जरा कळवळूनच. "तुझ्या वडिलांनी एवढी घाई करायला नको होती गं." घाई! बाबांनी धर्म बदलला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता.

चिमणी अर्ज करणार आहे. चिमणी म्हणजे काकांची मुलगी. आम्हा दोघींचे आजोबा एक, आडनाव एक, नाकही एकच. काका जुन्या धर्मात राहिले, बाबा बाहेर पडले, इतकाच फरक. तिला गणित मी शिकवलं.

रात्री जेवताना बाबांना जागेचं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "जात टाकून आलो. आता ती उचलायला परत वाकू?"

आई म्हणाली, "पोरीचं ऐकून तर घ्या."

"ऐकतोय. जात माझ्या बापाला होती. हिला नाही."

किती ताठ मानेनं म्हणतात! लहानपणी हे वाक्य ऐकलं की मला उंच झाल्यासारखं वाटायचं.

१५ जून, रविवार

प्रार्थना संपल्यावर पाळकांनी सुनावणीची तारीख वाचून दाखवली. मग खजिनदार उठले. प्रार्थनाघराचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांचे आजोबाही धर्म बदलूनच आले, पण वरच्या जातीतून. माझ्या शाळेपासूनची गणिताची सगळी पुस्तकं यांच्या कपाटातली. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा घरी येऊन पाठ थोपटून गेले होते.

म्हणाले, "बाळ, आपली पहिली पदवीधर तू. तूच सांग त्यांना, की आमच्यात भेद नाही. राखीव जागांसाठी स्वतःला खालचं म्हणवून घ्यायचं? मग देवानं वर काढलं ते कशाला?"

माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली भाजीवाली मावशी बसली होती. ती पुटपुटली, "भेद नाही तर माझी कंबर का मोडते दर रविवारी?"

मला हसू आवरेना. पण मग तिच्या कमरेकडे बघितलं, आणि बाकाकडे.

पुढच्या सगळ्या बाकांना टेकायला पाठ आहे. शेवटच्या चार बाकांना नाही, नुसत्या फळ्या. आमची सगळी गल्ली तिथेच बसते. बसा म्हणून कोणी सांगत नाही. आपण आपले जातो आणि बसतो. का, तर पाठी करताना लाकूड कमी पडलं – हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. बाक बाबांनीच केलेत, एकूण एक. धर्म बदलल्यावर ते इथल्याच कारखान्यात सुतारकाम शिकले. प्रार्थनाघराच्या किल्ल्याही त्यांच्याकडे असतात. ते कायम अगदी शेवटच्या बाकावर, दाराशी. पुढे या म्हटलं की म्हणतात, "मला दार बघायचं असतं."

आज पहिल्यांदा मनात आलं – इतक्या वर्षांत चार फळ्या मिळाल्या नाहीत?

१७ जून

मावशी आणि गल्लीतल्या चार जणी घरी आल्या. "सुनावणीत तू बोल. आमचं कोण ऐकणार? आणि खजिनदार सांगतात तसं गुळमुळीत नको. आहे ते सांग."

हो म्हटलं. छाती नुसती भरून आली होती. वर्गात मुलांना सांगते ना – खरं असेल ते मांडायला घाबरायचं नाही!

२० जून

संध्याकाळी काय बोलायचं ते लिहून काढलं आणि मोठ्यानं वाचून बघितलं. बाबा दारात रंधा मारत होते. "आमच्या प्रार्थनाघरात शेवटच्या चार बाकांना पाठ नाही..." इथपर्यंत आले आणि रंधा थांबला.

"बाकांचं नको सांगू."

"का?"

"लाकूड कमी पडलं होतं."

"मग तसं सांगते."

"नको म्हटलं ना!"

बाबा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्यांनाही ते आठवलं असावं. लाकडाचा भुसा झाडत बसले, झाडून झालेल्या जागेवरच.

२१ जून

बाबा बोलत नाहीत. ताट पुढे सरकवतात, चप्पल सरळ करून ठेवतात. बोलत तेवढं नाहीत.

२३ जून

पेन घरंगळून टेबलाखाली गेलं. मी वाकले, आत शिरले, आणि पेन शोधायचं विसरले.

हे टेबल बाबांनी मी पहिलीत असताना केलं. सगळ्या परीक्षा याच्यावर. खालून बघितलं नव्हतं कधी. वरची बाजू नंतर तासलेली आहे, खालची नाही. खाली बाकांचा तो तांबूस रंग जसाच्या तसा! फळ्या मधेच कापलेल्या. आणि ठरावीक अंतरावर स्क्रूची भोकं, भुसा आणि सरस घालून बुजवलेली. फळीची एक कड गोल केलेली – ती कड मी लहानपणापासून बोटानं घासत आलेय. मला वाटायचं, माझ्या कोपराला लागू नये म्हणून बाबांनी गोल केली.

कोपरासाठी नव्हती ती. मावशीच्या खांद्यांसाठी होती.

आई चादरींच्या घड्या घालत होती. विचारलं. तिनं घडी पुरती घातली, मग सांगितलं. "पाठी केल्या होत्या गं. सगळ्या बाकांना, सारख्या. पहिल्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी खजिनदार बघायला आले. म्हणाले, काम झकास, पण मागच्या चारांच्या काढून टाक. तिकडच्या लोकांना टेकून बसायची सवय कुठे आहे? यांनी काढल्या."

"स्वतः?"

"मग कोण काढणार? सुतार हेच. फळ्या बघून खजिनदार म्हणाले, फुकट कशाला घालवतोस, पोरगी हुशार आहे म्हणतोस ना, तिला टेबल कर."

"बाबा काहीच बोलले नाहीत?"

"बोलले की. 'उपकार झाले' म्हणाले."

आणि तिनं पुढची चादर उचलली.

२४ जून

इथे बसून लिहिताना कोपर उचलून धरतेय. वेडेपणा आहे. तरी टेकवत नाही.

बाबांना राग माझा नाही, हे आता कळतंय. मी बाकांचं सांगितलं तर समिती विचारणार – कोणी केले? आणि मग सगळ्या गावासमोर, जो माणूस 'जात माझ्या बापाला होती' म्हणतो, त्याच्याच हातात पेचकस दिसणार.

नाही सांगितलं तर मावशी आयुष्यभर ताठ बसणार. आणि समितीच्या कागदावर येणार – यांच्यात भेद नाही.

कोणाला विचारू? आईला विचारलं तर ती दोघांच्या मधे चिरडणार. पाळक म्हणतील, प्रार्थना कर. करतेय.

२८ जून

चिमणी आली. जागा तिला मिळाली! दारातूनच म्हणाली, "रागावलीस?"

"नाही."

"रागावलीस. नाक लाल झालंय. माझंही होतं, मला कळतं."

दोघी हसलो. मग तिनं नखं कुरतडत सांगितलं, "खोटं नाही बोलणार. तुमच्या मागणीच्या मी विरोधात आहे. आहेत त्याच जागा आम्हाला पुरेनात, त्यात आणखी वाटेकरी. आमचे बाबा म्हणतात, दादा नव्या देवाकडे गेला ना, मग आता सरकारकडे कशाला येतो?"

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुला जास्त मार्क होते." मग म्हणाली, "तिथे मला टोमणे मारतील गं. राखीवमधून आली म्हणून. तू असशील ना स्टाफरूममध्ये?"

असेन म्हटलं. गणिताची कायम बाई आली की माझे तास संपणार, हे तिच्या लक्षातच आलेलं नाही. मीही नाही सांगितलं. तिच्या आनंदात मिठाचा खडा कशाला.

तिला दारापर्यंत पोचवलं आणि मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

३ जुलै

सुनावणी. नगरपालिकेचं सभागृह, पंखे, पाण्याचे जग, मागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई, सगळं स्वतः टिपून घेणाऱ्या.

माझ्या आधी खजिनदार बोलले. छान बोलतात. "आमच्याकडे सगळे एका छताखाली, खांद्याला खांदा लावून बसतात."

मग मी. आमच्यातले किती शिकले, किती नोकरीत, सगळी आकडेवारी तोंडपाठ म्हटली. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आम्ही वाचलंय बाळ. तुमच्याकडे काय घडतं ते सांग. भेदभाव होतो?"

तेवढ्यात बाबा दिसले. दाराशी उभे. कामावरून तसेच आलेले, केसांत भुसा.

मी म्हटलं, "तसं... थेट असं नाही सांगता येणार."

हे माझे शब्द! त्यांनी ते लिहून घेतले. "उद्याही आहोत आम्ही दुपारपर्यंत," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्याला बोलावलं.

बाहेर खजिनदारांनी डोक्यावर हात ठेवला. "शाबास." मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकलीस गं पोरी. त्यांच्यासारखं बोलायलाही शिकलीस."

घरी येताना बाबा कितीतरी दिवसांनी बोलले. "बरं केलंस." पण माझ्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून. पोरीनं आपल्याला वाचवलं म्हणून ज्याला हलकं वाटायला हवं, तो माणूस असा खांदे पाडून चालतो?

इतकं एकटं मला स्टाफरूममध्येही कधी वाटलं नव्हतं.

४ जुलै

सकाळ. बाबा कामावर गेलेत. मावशीकडे हातगाडी मागायला चाललेय.

५ जुलै

जमिनीवर बसून लिहितेय. टेबल काल अध्यक्षबाईंसमोर नेऊन उलटं ठेवलं. भोकं दाखवली, गोल कड दाखवली. सगळं सांगितलं – पाठी कोणी काढायला लावल्या, कोणी काढल्या, आणि त्या फळ्यांच्या टेबलावर कोण शिकलं. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही, हेही सांगितलं. बाबांना विचारलं नव्हतं. टेबल समितीनं ठेवून घेतलंय.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. बाबा रात्री जेवले नाहीत. आज सकाळी किल्ल्या घेतल्या आणि खजिनदारांच्या घरी परत देऊन आले.

आईनं विचारलं, "मग आता रविवारी?"

"दार बघायचं काम राहिलं नाही," बाबा म्हणाले. "मग मागे कशाला बसायचं?"