साथीला पियानो

३ मार्च
प्रबंधाचं तिसरं चॅप्टर परत आलं. ट्यूटरचा शेरा: ‘आदर्शवाद पुरे, पुरावा द्या.’ पुरावा म्हणे! दोन वाद्यांच्या जुन्या सोनाटा-रचनांत व्हायोलिन पियानोच्या मागे मागे असायचं. रोमँटिक काळ सुरू होता होता दोघं बरोबरीने बोलू लागली. आणि आज आपण पियानोवाल्याला साथीदार म्हणतो. हा अन्याय कुणालाच कसा दिसत नाही?

९ मार्च
माझी मैत्रीण तन्वी लंडनजवळच्या स्लाऊमधलं ऑफिस सुटल्यावर थेट रिहर्सलला. पियानो वाजवते ती, पण माझ्या व्हायोलिनचा सूर दबत होता. तीनदा सांगितलं, हळू. शेवटी मीच उठून पियानोचं झाकणच लावलं.
“मॅडम, स्वतःचं चॅप्टर वाचता का कधी?”
तन्वी हसली. मला नाही हसू आलं.

१४ मार्च
इल्फर्डच्या मराठी मंडळात, वादनाच्या परीक्षेआधी एकदा वाजवून पाहिलं. मला शाल, नारळ. तन्वीला एक गुलाब. मंडळाच्या काकांनी माइकवर सांगितलं, “आणि साथीला आपली तन्वी!” वीस मिनिटांत तिचे सूर माझ्यापेक्षा जास्त होते.
आई खूश. घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार मी, आता शालही.
ट्रेनमध्ये तन्वी म्हणाली, “काकांना कळत नाही गं, सोड.”
मी मान हलवली.
मंडळाचा फॉर्म मीच भरला होता. ‘कलाकार’, ‘साथसंगत’ असे दोन रकाने. जराही न थांबता तन्वीचं नाव दुसऱ्यात लिहिलं.

१७ मार्च
तन्वीला फॉर्मचं सांगितलं. फोनवर. ती म्हणाली, “काकांवर ढकललंस तू.” ढकललं नव्हतं, फक्त... तेच ते.

२० मार्च
तन्वी फोन उचलत नाही. परीक्षा २७ ला. ट्यूटर म्हणतात, डिपार्टमेंटचा पियानिस्ट घे, तो कुणाच्याही मागे वाजवतो. ‘मागे’! नाही म्हणून आले. बाबा म्हणाले, “तत्त्वासाठी डिग्री घालवणार का?” माहीत नाही.

२३ मार्च
तन्वीचा मेसेज: ‘उद्या येते. थांबणार नाही तुझ्यासाठी.’

२४ मार्च
आली. कोट न काढताच बसली. पूर्ण जोरात वाजवलं. दोन ठिकाणी मी ऐकूच आले नाही. एका ठिकाणी, शेवटच्या पानावर, आम्ही अशा भिडलो की अंगावर काटा आला.
“जमेल?” मी विचारलं.
“तुला?” म्हणाली, आणि बस पकडायला गेली.
हा सोनाटा होता की सूड, अजून ठरवता येत नाही.