रतनबाईंचा उलटा प्रश्न

वेल्हे

ती. आईस, सृष्टीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. हवा गार आहे, खोलीही तळमजल्यावर मिळाली.

पुढे मोठी आरोग्य पाहणी होणार आहे; तिच्यातले प्रश्न लोकांना नीट कळतात का, हे आधी विचारून बघायचं, एवढंच आमचं काम. काल रतनबाई नावाच्या आजींना विचारलं, "चालायला, चढायला त्रास होतो का? अजिबात नाही, थोडा, खूप, की जमतच नाही?"

"न्हाई," म्हणाल्या. मग माझ्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरकडे बघून, "आन तुला गं?"

"नाही," मी सवयीनं म्हटलं.

आजी हसल्या. "पायऱ्या चढताना म्या बघितलं की! तू खरं सांग, मंग म्या बी सांगते."

"थोडा होतो," मी म्हणाले, आणि एकदम हलकं वाटलं.

"मला लई हुतो. सुनंला ठावं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. सून चहा घेऊन आली, तेव्हा तिलाही त्यांनीच सांगून टाकलं.

आई, फोनवर तुलाही मी 'काही त्रास नाही' म्हणते. थोडा होतो गं. पण काम फार आवडतंय.

तुझ्या डोळ्यांचं काय? हे पत्र तू स्वतः वाचते आहेस, की बाबा वाचून दाखवतायत? खरं कळव.

तुझीच,
सृष्टी