पासपोर्ट जिचा, तिच्याच हाती

आत्या,

जिथे असशील तिथे तुला नमस्कार. तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. पण आजची गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आपल्या घरातली पहिली पदवीधर, म्हणजे मी, आता तू घरकामाला आलीस त्याच देशात, आपल्या वकिलातीत खिडकीवर बसते. इथे घरकामाच्या बायकांचे पासपोर्ट मालकच कुलपात ठेवतात. मुदत संपत आली की नूतनीकरणालाही तेच येतात, आणि बाई खाली गाडीत बसून असते. तुझाही असाच ठेवून घेतला होता ना?

गेल्या आठवड्यात असाच एक मालक आला. मी गोड हसून म्हटलं, "नवा पासपोर्ट जिचा, तिच्याच हातात मिळेल."

आज तो मुकाट्याने बाईला घेऊन आला. तिने पासपोर्ट घेताच त्याने हात पुढे केला. मी त्याला न कळणाऱ्या आपल्या भाषेत विचारलं, "मावशी, घरी जायचंय?"

"आत्ता? अगं, माझे कपडे तिकडेच आहेत!"

"कपडे गेले खड्ड्यात. तुम्ही आत या."

मी बाजूचं दार उघडलं, तिला आत घेतलं आणि कडी लावली. मालक काचेवर थापा मारत राहिला. आमचे साहेब एरवी शिंकतानाही नियम बघतात, ते शांतपणे त्याला म्हणाले, "त्या आमच्या नागरिक आहेत. तुम्ही निघा."

संध्याकाळच्या विमानाने ती गेलीसुद्धा!

आत्या, तुझ्याही पासपोर्टची मुदत कधीतरी संपेल. येऊ दे तुझ्या मालकाला. खिडकीवर मी आहे.

तुझी वाट बघणारी,
भाची